विटांवरची हेराल्ड

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला
की दस्तगीर मिस्त्री जॅक घेऊन येतात.
गॅरेजात आता चार यंत्रमाग आहेत, भाड्याने दिलेले;
हेराल्ड बाहेर, कडुलिंब आणि पाण्याच्या टाकीच्या मधे.

पेट्रोल काठोकाठ भरा, मिस्त्री सांगतात,
रिकाम्या टाकीला आतून घाम फुटतो, ती गंजते.
हँडब्रेक ओढू नका, धरून बसेल.
बॅटरी घरात.
सायलेन्सरच्या तोंडात बोळा,
तूर निघाली की उंदरं शहराची वाट धरतात.
काच एक बोट उघडी, श्वासापुरती.
मग चार कोपऱ्यांत विटा
आणि गाडी वीतभर वर,
पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखी अवघडून.

वरून चादरी. आमच्याच मागावरच्या, सेकंड मालातल्या.
एकीतल्या मोराला पाय नाहीत.
एकीवर फर्मचं नाव उलटं विणलं गेलंय.
एकीची किनार मधेच संपते,
त्या दिवशी वीज गेली होती की कामगार, आठवत नाही.

चादर दव पिते. म्हणून रोज सकाळी सोडवायची,
भिंतीवर वाळत टाकायची,
साखर कारखान्याची काजळी झटकायची, घासायची नाही,
संध्याकाळी पुन्हा पांघरायची.
शेजारचे सिद्राम वकील विचारतात, "पेशंट कसाय?"
मी म्हणतो, झोपलाय.

सोलापूरला कसली आलीय थंडी, पाहुणे म्हणतात.
पहाटे पाचला बॉनेटला हात लावून बघा म्हणावं.

गड्ड्याच्या दिवसांत, संक्रांत होऊन तीनेक दिवसांनी,
चादर ओढली तर काचेवर वाफ.
आतून.
पुढची चाकं मी सरळ ठेवली होती,
दोन्ही डावीकडे वळलेली,
जणू एखाद्या चौकात.
आणि ड्रायव्हरची सीट तीन खाचा पुढे.

आमच्या घरात एवढे आखूड पाय एकाच माणसाचे.

अम्मानं गाडी कधी चालवली नाही.
नाना होते तेव्हा ती डावीकडे बसायची,
मांडीवर सॅम्पलांची थैली.
एकदा हैदराबाद रोडला तिनं गिअरवर हात ठेवला
तर नाना हसले.
रागावले नाहीत, हसले फक्त.
पुढची तीस वर्षं हात थैलीवर.

मी सीट मागे घेतली नाही.
चाकं तशीच राहू दिली.
रात्री कडी वाजली की कूस बदलली.
तिला समोर रस्ता कुठला दिसणार,
कंपाउंडच्या दिव्यात चादरीची उलटी बाजू दिसत असेल,
लालाच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी लाल.
दुसऱ्या दिवशी चाकं उजवीकडे होती.
ती कुठं कुठं जाऊन आली, कळायला मार्ग नाही,
विटांवर किलोमीटर पडत नाहीत.

शिवरात्रीनंतर मिस्त्री आले. विटा निघाल्या.
त्यांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.
"असं कसं? तीन महिने उभ्या गाडीची प्लेट चिकटते.
दरवर्षी माझा अर्धा दिवस जातो खाली झोपून.
यंदा लोण्यासारखा. कोण दाबत होतं काय?"

मी बॅटरीच्या तारांशी खेळत राहिलो.

अम्मा पायरीवर शेंगा फोडत होती,
टरफलं सुपाबाहेर, दाणे सुपात.
वर न बघता म्हणाली,
"तिसरा गिअर नीट पडत नाही.
तेवढं बघा."